‘बुद्धिमान’ इंजिन : एका विशेषणाची चिकित्सा

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २०१६ साली ‘नेक्स्टकार’ योजना हाती घेतली. स्वयंचालित मोटारींचा ऊर्जाव्यय २० टक्क्यांनी घटविणे हे तिचे उद्दिष्ट. या विषयावरील लेखनात इंजिन-नियंत्रणास सर्रास ‘बुद्धिमान’ म्हटले जाते. हे विशेषण आम्हांस अतिव्याप्त वाटते. पुढचा चढ वा तांबडा दिवा आधीच कळल्यावर इंधन वेळीच आवरणे, भार हलका असता काही सिलिंडर निष्क्रिय ठेवणे, यास ‘पूर्वदर्शी’ हेच नाव यथार्थ होय. (उतार दिसताच पाय उचलणारा जुना चालक दुसरे काय करीत होता?) प्रश्न केवळ शब्दाचा नव्हे. ‘पूर्वदर्शी’ म्हणताच हे दर्शन कोठून येते, असे विचारावे लागते. संवेदक व संगणक वीज खातात आणि इंजिनाच्या मोटारीत ती वीजही अखेर इंधनातूनच निघते. ‘बुद्धिमान’ या शब्दाआड हा खर्च दडतो, व इंजिनापुरती मोजलेली बचत साऱ्या मोटारीची म्हणून वाचली जाते.