प्रवाळभक्षी मासे आणि ‘अन्नपसंती’ ही संकल्पना : एक चिकित्सा

प्रस्तावना

माशाच्या जठरात जे अन्न अधिक आढळते तेच त्याच्या पसंतीचे, असे गृहीत धरून अन्नसवयींविषयी निष्कर्ष काढण्याची प्रथा रूढ आहे. धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. महाराष्ट्रातील प्रवाळ पाहावयाचे तर मालवणच्या सागरी अभयारण्याकडे जावे लागते. तथापि प्रवाळभक्षी माशांवरील संशोधन या गृहीतकाची मर्यादा स्पष्ट करते आणि ती येथील जलाशयांच्या अभ्यासालाही लागू पडते.

विवेचन

फुलपाखरू मासे प्रवाळाचे मऊ पॉलिप टिपून खातात. जठरातील लगद्यावरून प्रवाळाची जाती ओळखणे कठीण असल्यामुळे अभ्यासक पाण्यात उतरून, मासा कोणत्या प्रवाळावर किती चावे घेतो, हे मोजतात. परंतु केवळ चाव्यांची संख्याही अपुरी ठरते. समजा, एखाद्या प्रवाळाचे भित्तीवरील प्रमाण ६० टक्के आहे आणि त्यावर ६० टक्केच चावे पडतात. येथे निवड सिद्ध होत नाही. मात्र ५ टक्के प्रमाण असलेल्या प्रवाळावर ४५ टक्के चावे पडत असतील, तर निवड उघड आहे. इव्हलेव्ह यांच्या निर्देशांकात आहारातील व परिसरातील प्रमाणांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागतात. पहिल्या उदाहरणात उत्तर शून्य, तर दुसऱ्यात ०.८ येते.

तरीही निवड म्हणजे पसंती नव्हे. कीटोडॉन ट्रायफॅसिअ‍ॅलिस हा मासा अ‍ॅक्रोपोराच्या मेजासारख्या वसाहतींवर हद्द राखतो व इतरांना हुसकावतो. हुसकावलेला मासा अन्यत्र चरतो तो नाइलाजाने. पसंती ठरवावयाची तर सर्व पर्याय सारख्या प्रमाणात उपलब्ध करून प्रयोग करावा लागतो.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. १९९८ च्या विरंजनात ओकिनावातील सेसोको बेटालगतचे अ‍ॅक्रोपोरा मेले, तेव्हा त्यांवरच जगणारा ऑक्सीमोनाकॅन्थस लाँगिरोस्ट्रिस हा मासाही तेथून नाहीसा झाला. पर्यायी अन्न स्वीकारू शकणारा आणि न शकणारा मासा सुकाळात एकाच प्रवाळावर चरताना दिसू शकतात. त्यांतील फरक टंचाईत कळतो.

समारोप

कटला पृष्ठभागालगत, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो, या भेदावर संमिश्र मत्स्यसंवर्धन आधारलेले आहे. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात जलाशय आटत असताना जठरात जे सापडेल, ते पसंतीपेक्षा टंचाईचे द्योतक असू शकते. तेच ‘पसंती’ म्हणून नोंदले गेल्यास मत्स्यबीज सोडण्याचे प्रमाण चुकीच्या आधारावर ठरेल. सबब जठराच्या तपासणीसोबत त्याच दिवशीचे प्लवकांचे व तळाच्या गाळाचे नमुने घेणे अगत्याचे आहे. जेथे ते घेतलेले नाहीत, तेथे ‘आढळलेले अन्न’ एवढेच म्हणणे शास्त्रीय प्रामाणिकपणाला धरून होईल.