प्रतिसरकारचा वारसा आणि गावकुसाबाहेरचा न्याय

क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या वारशावर आज अनेकांचा दावा आहे. काँग्रेसच्या परंपरेत ते बेचाळीसच्या लढ्याचे सेनानी ठरतात. कम्युनिस्टांना १९५७ साली साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून लोकसभेत गेलेला लाल बावट्याचा पुढारी स्मरतो. सहकाराच्या राजकारणाला मात्र त्यांचा पुतळा पुरतो. आंबेडकरी वाचक या वादाकडे बहुधा त्रयस्थपणे पाहत आला आहे. ‘ते मराठ्यांचे बंड होते, त्याचे आम्हांला काय?’ असे म्हणून प्रश्न मिटविण्याची वृत्ती आपल्या चळवळीतही आढळते. आम्हांला गौरवगानाइतकीच ही उदासीनताही अपुरी वाटते. नाना पाटील ६ डिसेंबर १९७६ रोजी निवर्तले. त्यामुळे महापरिनिर्वाणदिनाच्या गर्दीत त्यांचा स्मृतिदिन आपल्या ध्यानीही येत नाही. हा निव्वळ योगायोग असला तरी, आपल्या दृष्टीआड काय राहिले याचा तो निर्देशक आहे.

१९४२ च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, आणि मोर्च्यांचे पर्व संपून भूमिगत पर्व सुरू झाले. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात (१९४९ मध्ये वेगळा झालेला दक्षिण सातारा म्हणजेच १९६० पासूनचा सांगली) प्रतिसरकारची सत्ता चालली. कुंडल हे तिचे महत्त्वाचे केंद्र होते. तूफान सेना हे तिचे दल, आणि गावोगावची न्यायदान मंडळे हा तिचा प्राण. सावकाराची पिळवणूक, जमिनीचे तंटे, बायकोला टाकणारा नवरा, दरोडेखोर, पोलिसांचा खबऱ्या, अशी प्रकरणे या मंडळांपुढे येत. नावाचाही वाद आहेच. तळपायांवर मार देण्याच्या शिक्षेवरून ‘पत्री सरकार’ हे नाव रूढ झाले. विरोधकांनी ते दहशतीचे बिरूद म्हणून वापरले, तर लोकांनी कौतुकाने. आम्हांस नावापेक्षा न्यायासनाचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. त्या आसनावर कोण बसत होते आणि समोर कोण उभे होते?

या चळवळीवरील अभ्यासांत ए. बी. शिंदे यांचा १९९० चा इंग्रजी ग्रंथ आणि डॉ. गेल ऑम्वेट यांचा, ज्ञानेंद्र पांडे यांनी संपादित केलेल्या १९४२ विषयक ग्रंथातील (१९८८) निबंध विशेष उल्लेखनीय होत. ऑम्वेटबाई कासेगावच्या झाल्या होत्या. २०२१ साली त्यांचे निधन होईपर्यंत वाळवा तालुका हेच त्यांचे घर होते. प्रतिसरकारची मुळे केवळ काँग्रेसच्या ठरावात नसून सत्यशोधक चळवळीने नांगरलेल्या भूमीत आहेत, ही दिशा त्यांच्या लेखनाने दिली आणि ती आम्हांस पूर्णतः पटते. १९३० मध्ये तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत उतरलेले नाना पाटील भटजीविना, कर्जाविना लग्ने लावण्याचा प्रचार करीत होते. त्या विवाहांना ‘गांधी विवाह’ हे नाव मिळाले, पण त्यातील विचार जोतीराव फुल्यांचा होता! आणि फुले हे बाबासाहेबांनी मानलेल्या तीन गुरूंपैकी एक. ‘मराठ्यांचे बंड’ म्हणणाऱ्या आपल्या बांधवांनी या नात्याचा विचार करावा. आज पुतळ्याला हार घालणाऱ्यांच्या घरची लग्ने कशी लागतात, हेही एकदा पाहावे.

मात्र सत्यशोधक मुळे दाखविली म्हणजे काम संपत नाही. ‘बहुजन’ या एका शब्दाखाली पाटलाचा वाडा आणि महारवाडा एकत्र बसविता येत नाहीत. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अस्पृश्यांची अखिल भारतीय परिषद भरली. तिने अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. म्हणजे एकीकडे गावाबाहेर पडण्याची मागणी होत होती, आणि वर्षभराच्या आतबाहेर साताऱ्यात गावाचेच राज्य उभे राहत होते. ‘चले जाव’ला बाबासाहेबांनी विरोध का केला, याचे उत्तर केवळ दिल्लीच्या राजकारणात शोधणारे हे गाव विसरतात. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याच्या आत्मसंतुष्ट संकुचितपणावर जी टीका केली, तिच्या मागे हाच अनुभव होता.

वतनाचा विचार करा. महार वतनदार हा गावकामगाराच्या हुकमाचा ताबेदार. सरकारी सांगावा पोचविणे, अंमलदाराबरोबर वाट तुडविणे, वसुलाच्या कामी राबणे हे त्याच्या माथी वतनानेच मारलेले. भूमिगतांच्या लढ्यात असा माणूस दोन बाजूंच्या कात्रीत सापडतो. ज्या कामासाठी पोलीसपाटील त्याला पिटाळतो, त्याच कामासाठी तो खबऱ्या ठरू शकतो. वतनाच्या या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कौन्सिलात विधेयक आणले होते. ते जोखड कायद्याने तुटले ते १९५८ मध्ये, यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत. प्रतिसरकारच्या न्यायाने ते तुटले नव्हते. प्रतिसरकारवरील वाङ्मय बहुतांशी पुढाऱ्यांच्या आठवणींवर उभे असल्याने, या माणसाची साक्ष त्यात सहसा उमटत नाही.

ही उणीव काही अंशी भरून काढणारा ग्रंथ इतिहासाचा नाही, कादंबरीचा आहे. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) याच वाळवा तालुक्याची कथा सांगते, आणि ती अर्पण केली आहे बाबासाहेबांच्या लेखणीला. गुन्हेगार जमातींच्या कायद्याने मांगवाड्यावर लादलेली हजेरी हा तिचा गाभा. उपासमारीच्या दिवसांत फकिरा धान्य लुटतो, सरकारी खजिना लुटतो आणि त्याचा शेवट फासात होतो. प्रतिसरकारच्या सैनिकांनीही १४ एप्रिल १९४४ रोजी (तारीख वाचकांच्या नजरेत भरेलच) धुळ्याकडील चिमठाणे येथे सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला. तो पराक्रम म्हणून इतिहासात गेला, आणि तसा तो होताही. परंतु एकाच मुलखातील दोन लुटींपैकी एक ‘क्रांती’ आणि दुसरी ‘दरोडा’ का ठरावी? प्रतिसरकारचा आरंभीचा मोठा लौकिक दरोडेखोरांच्या बंदोबस्तामुळे झाला. ज्या काळी कायद्यानेच काही जातींच्या कपाळी जन्मतः गुन्हा लिहिला होता, त्या काळी ‘दरोडेखोर’ या शब्दाचा अर्थ गावाने कसा लावला असेल, हा प्रश्न अभ्यासकांनी टाळू नये. त्यासाठी पुढाऱ्यांच्या आठवणींबरोबर हजेरीची पुस्तके आणि वतनाचे कागद वाचावे लागतील.

या मुलखाच्या नंतरच्या इतिहासात आमच्या मते वारशाची एक खरी कसोटी सापडते, आणि ती पाण्याची आहे. प्रतिसरकारचे सैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९९३ पासून आटपाडीच्या दुष्काळी टापूत समन्यायी पाणीवाटपाची चळवळ उभी केली. भारत पाटणकर तिच्यात अग्रभागी होते. त्याआधी, १९८० च्या दशकात, खानापूर तालुक्यात येरळेवरील बळीराजा धरणासाठी शेतकऱ्यांनी वाळूउपशाच्या ठेकेदारीविरुद्ध झुंज दिली आणि वाळूच्या विक्रीतून धरणाला पैसा उभा केला. तेथे तत्त्व असे मांडले गेले की पाण्याचा वाटा जमिनीमागे नसून कुटुंबामागे असावा, भूमिहीनालाही तो मिळावा. पाण्यावरील हक्काला जमिनीच्या मालकीपासून सोडवणारा हा विचार आम्हांस न्यायदान मंडळांच्या निवाड्यांपेक्षाही पुढचा वाटतो, कारण ज्याच्या नावावर सात-बारा नाही असा गावकुसाबाहेरचा माणूस येथे प्रथमच हिशेबात येतो. अडचण पुढे आहे. आपल्या वाट्याचे पाणी सोडायला त्याला रान खंडाने घ्यावे लागते, आणि ते रान आजही बव्हंशी त्यांचेच आहे, ज्यांच्या वाडवडिलांच्या ओट्यावर ती न्यायासने मांडली जात होती.