स्वमग्न कोण?

ठाण्यात शिकवणाऱ्या माणसाला एक विनोद जन्मभर ऐकावा लागतो. ‘कुठे असता?’ ‘ठाण्याला.’ ‘आत की बाहेर?’ 1901 साली तिथे मनोरुग्णालय सुरू झाले आणि मराठी भाषेत ‘ठाणे’ या गावाचा एक दुसराच अर्थ रूढ झाला. ज्यांनी ठाणे कधी पाहिले नाही तेही ‘याला ठाण्याला पाठवा’ असे सहज म्हणतात. मीही हे हसण्यावारी नेत असे. परंतु कल्याण पूर्वेला राहणाऱ्या माझ्या ताईला हेच वाक्य नळावर, रेशनच्या रांगेत, शाळेच्या दारात ऐकावे लागते, आणि ते तिच्या बारा वर्षांच्या मुलाकडे बोट दाखवून म्हटलेले असते. तेव्हा त्यातला विनोद संपतो आणि फक्त हद्दपारी उरते. गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्या समाजाला हद्दपारीची भाषा ओळखायला वेळ लागत नाही. पण इथे ती बोलणारी माणसे आपलीच असतात. या लेखाचे कारण ते आहे.

माझ्या भाच्याला ऑटिझम आहे. मी डॉक्टर नाही, मराठीचा मास्तर आहे. घरातला पहिला पदवीधर. म्हणून या प्रश्नाकडे मी शब्दांच्या बाजूने पाहतो. ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ असा शब्द केला गेला. स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर याने विसाव्या शतकाच्या आरंभी ‘स्व’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून मूळ संज्ञा घडवली, तीही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. आपल्याकडे तिला ‘मग्न’ हे पद जोडले गेले. ध्यानमग्न, चिंतनमग्न या कुळातला हा शब्द आहे. तो ऐकला की वाटते, हे मूल स्वतःत बुडालेले आहे, त्याला आपली गरज नाही, त्याने आपल्याकडे पाठ फिरवली आहे.

प्रत्यक्षात काय दिसते? तिसऱ्या घरात कुकरची शिट्टी होणार असली की तो आधीच कानांवर हात ठेवतो. ट्यूबलाइटची गुणगुण, शर्टाच्या कॉलरची शिवण, परक्या साबणाचा वास, हे सारे त्याच्या अंगावर येते. आपण ज्या जगाचा नव्वद टक्के भाग नकळत गाळून टाकतो ते सगळेच्या सगळे त्याच्यावर कोसळत असते. तो ‘स्व’मध्ये बुडालेला नाही, जगात बुडतो आहे, आणि श्वास घेण्यासाठी डोळे फिरवतो, हात हलवतो, गोल फिरतो. त्याच्या या धडपडीला आपण पाठ फिरवणे म्हणतो. मग स्वमग्न कोण? तो की आपण?

त्याच्या बोलण्याविषयीही तसेच. तो ‘मामाकडे जायचे आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘पुढील स्टेशन ठाकुर्ली.’ मी डोंबिवलीला राहतो. कल्याणहून माझ्याकडे येताना लोकलमध्ये पहिली घोषणा हीच होते. ज्या शाळेत त्याला आधी घातले होते तिथल्या बाईंनी ही पोपटपंची आहे, अर्थहीन आहे, ती मोडून काढा, असे ताईला सांगितले. बॅरी प्रिझंट आदी संशोधकांनी 1980 च्या दशकाच्या आरंभीच दाखवून दिले होते की अशा पुनरुक्तीमागे विनंती असते, होकार असतो, स्वतःला सावरणे असते. वाक्य उसने असेल, अर्थ त्याचा स्वतःचा आहे. साहित्य शिकवणाऱ्यांना हे नवे वाटू नये. आमच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणणाऱ्यांनी तरी दुसरे काय केले होते? अर्थ होता, ऐकणाऱ्याला तो घ्यायचा नव्हता.

या विषयाच्या शास्त्रीय इतिहासातही वर्गाचा प्रश्न दडलेला आहे. 1943 साली लिओ कॅनर याने अमेरिकेत 11 मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांचे आईबाप बहुतेक उच्चशिक्षित होते. त्यावरून ऑटिझम हा सुशिक्षित, वरच्या थरातील घरांचा विकार आहे, असा समज पसरला. आईच्या मायेच्या थंडपणामुळे मूल असे होते, हा दुसरा समज त्याला चिकटला. 1967 साली ब्रूनो बेटेलहाइमच्या पुस्तकाने त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. 1964 साली बर्नार्ड रिमलँडने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, हा विकार मेंदूच्या घडणीशी निगडित असल्याचे मांडले होते. तरी आईवरचा ठपका अनेक वर्षे पुसला गेला नाही. पुढे 1980 साली लोर्ना विंग या ब्रिटिश संशोधिकेने वर्गाचा समज तपासला आणि प्रश्न निवडीचा आहे हे दाखवले. ज्यांना तज्ज्ञाच्या दारापर्यंत पोचता येत होते त्यांचीच मुले मोजली जात होती. बाकीची मुले नव्हती असे नाही. ती मोजणीत नव्हती.

आमच्या वस्तीत तर ती आजही मोजणीत नाहीत. तिथे या मुलाला ‘येडं’ म्हणतात, ‘बाहेरचं लागलंय’ म्हणतात. आणि दोष तिथेही आईलाच. अमेरिकेत ती थंड होती, इथे तिने ग्रहणात भाजी चिरली होती. तत्त्वज्ञान बदलते, आरोपी बदलत नाही. मागील जन्मीचे पाप हा सिद्धांत ज्या समाजाने स्वतःपुरता फेकून दिला, त्या समाजात एका मुलाच्या बाबतीत तो मागच्या दाराने परत येतो, याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

आता साहित्याकडे आणि सिनेमाकडे वळू. वेगळ्या वागणाऱ्या माणसाचे मराठी गद्यातील एक अतिशय जुने चित्र तेराव्या शतकातील आहे. म्हाइंभटाने संकलित केलेल्या गोविंदप्रभूंच्या लीळा वाचाव्यात. रिद्धपूरचा हा महापुरुष स्वतःशी बोलतो, हसतो, खेळतो, रागावतो, वाटेल त्या घरात शिरतो, महार-मांगांच्याही. गाव त्याला वेडा म्हणते, आणि तरी गाव त्याला जेवू घालते, त्याच्यामागे फिरते, त्याच्या लहरींप्रमाणे आपला दिवस बेतते. गोविंदप्रभूंना एखाद्या विकाराचे नाव चिकटवण्याचा उद्योग मला करायचा नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की रोजच्या सोबतीचे इतके बारकाईचे वर्णन मराठीत सातशे वर्षांपूर्वी झाले आहे. मात्र ती सोबत त्यांना मिळाली ती ईश्वर म्हणून. ईश्वर नसते तर काय झाले असते?

सातशे वर्षांनी ही अट फक्त रूप बदलते. ‘चौकट राजा’ (1991) हा संजय सूरकर यांचा चित्रपट मराठी माणसाने डोळ्यांत पाणी आणून पाहिला. दिलीप प्रभावळकरांचे काम मोठेच आहे. नंदूची स्थिती ऑटिझमची नाही. लहानपणीच्या अपघाताने त्याची बुद्धी मागे राहिली आहे. पण प्रेक्षकाची दया मिळवण्यासाठी त्याला निरागस असावे लागते. ‘रेन मॅन’ (1988) मधल्या रेमंडला आकड्यांची विलक्षण स्मृती असावी लागते. ‘माय नेम इज खान’ (2010) मधल्या रिझवानला अमेरिका पालथी घालून राष्ट्राध्यक्षापर्यंत पोचावे लागते. देव, निरागस बालक, प्रतिभावंत, या तीन जागा प्रस्थापित कलेने राखून ठेवल्या आहेत. चौथी जागा साध्या माणसाची. ती रिकामी आहे. माझा भाचा देव नाही, आकड्यांचा जादूगार नाही, आणि नेहमी निरागसही नाही. तो चावतो, ओरखडतो, ताईच्या हातावर वळ आहेत. त्याला सोबत मिळायची ती कोणत्या अटीवर?

‘दिव्यांग’ हा शब्दही याच मानसिकतेतून आला, असे माझे मत आहे. 2015 च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी तो सुचवला आणि तो सरकारी कागदावर रुजला. महाराष्ट्रात 2022 साली त्या नावाचा स्वतंत्र विभागही झाला. नाव वरून आले, आणि त्यात देवत्व होते. असे नाव आपल्याला पूर्वीही मिळाले होते: ‘हरिजन’. 1938 साली मुंबई विधानसभेत तो शब्द कायद्यात घालण्याचा घाट घातला गेला तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले. देवाची लेकरे म्हणायचे आणि पाणवठ्यावर येऊ द्यायचे नाही, हे ढोंग त्यांनी ओळखले होते. दिव्य म्हणायचे आणि रॅम्प बांधायचा नाही, शिक्षक नेमायचा नाही, हे तरी वेगळे काय आहे?

परंतु दुसऱ्याच्या साहित्याची झडती घेऊन थांबणे हा अप्रामाणिकपणा होईल. आपल्या चळवळीच्या पहिल्या पत्राचे नाव ‘मूकनायक’ (1920). मुक्यांना वाचा फुटणे हा आपल्या साहित्याचा केंद्रबिंदू आहे. आपली आत्मकथने बोलू लागलेल्या माणसाची आहेत. शाळेत गेला, शिकला, लिहिला, तो नायक झाला. मीही त्याच वाटेने आलो. पण ज्याला वाचा फुटणारच नाही, किंवा फुटली तर ‘पुढील स्टेशन ठाकुर्ली’ अशीच फुटेल, त्याचे काय? मुकेपणा आपण रूपक म्हणून वापरला. खराखुरा न बोलणारा माणूस आपल्या पानांत आला तो बहुधा वस्तीतला वेडा म्हणून, ओळीच्या कडेला. त्याच्या आईला तर तीही जागा मिळाली नाही.

एक प्रसंग सांगतो. ताईने लग्नाआधी एकही जयंती चुकवली नव्हती. मुलगा तीन वर्षांचा झाल्यापासून दर 14 एप्रिलला ती त्याला घेऊन सकाळीच वस्तीबाहेर निघून जात असे, कारण डीजेच्या आवाजाने तो स्वतःचे मनगट रक्त येईपर्यंत चावत असे. मागच्या खेपेला मी मंडळाच्या पोरांशी बोललो. एक जण म्हणाला, ‘सर, वर्षातून एकदाच तर आपला आवाज निघतो. तोही आपणच बंद करायचा?’ मला पटकन उत्तर सुचले नाही, कारण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ज्यांचा आवाज दाबला गेला त्यांना आवाज कमी करा असे सांगणे सोपे नाही. शेवटी त्याच्याच शेजारचा पोरगा म्हणाला, ‘नळापासून समाजमंदिरापर्यंत बंद ठेवू. घोषणाही हळू देऊ. त्याची पण जयंती आहे ना.’ मिरवणूक तेवढ्या टप्प्यात चालत गेली, पावलांचाच आवाज होता. भाचा बाहेर आला नाही. कानांत बोटे घालून दाराच्या आत उभा राहिला. चावला नाही. आणि ताईने नऊ वर्षांनी उंबऱ्यात उभे राहून जयंती पाहिली.

आधार म्हणतात तो हा. त्याला दया लागत नाही, मोठा पैसाही प्रत्येक वेळी लागत नाही. ताईने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दिवसभराच्या कामांची चित्रे काढून भिंतीला लावली आहेत: दात, अंघोळ, पोळी, रिक्षा, शाळा. काम झाले की तो चित्र उलटे करतो. पुढे काय होणार हे कळले की त्याची निम्मी भीती जाते. बदल असेल तर आदल्या दिवशी सांगायचे. एका वेळी एकच वाक्य, आणि उत्तरासाठी थांबायचे. डोळ्यांत बघ म्हणून हनुवटी धरायची नाही. गर्दीत तो कोसळला तर भोवती जमायचे नाही, जागा करून द्यायची. चावला तर आधी कारण शोधायचे. दात दुखत असेल, भूक असेल, शर्ट टोचत असेल.

पण सारे आईवर सोडून चालणार नाही. लोकलच्या अपंगांच्या डब्यात ‘हातपाय तर धड आहेत याचे’ असे ताईला ऐकवले जाते. मग ती दाखला दाखवते. जातीचा दाखला आणि अपंगत्वाचा दाखला अशा दोन्ही रांगा तिने पाहिल्या आहेत. दुसऱ्या रांगेत तिला चार वेळा परत पाठवले गेले, आणि प्रत्येक वेळी दिवसाची मजुरी बुडाली. हक्क मात्र कागदावर आहेत. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचे नावच नव्हते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि 2016 च्या कायद्याने 21 प्रकारांत ते मोजले. चाळीस टक्के व त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी नोकऱ्यांतील 4 टक्के राखीव जागांपैकी 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार आदींच्या गटासाठी आहे. घटनेच्या 41 व्या कलमात अपंगत्वाच्या प्रसंगी सरकारी साहाय्याचा उल्लेख आहे, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. ती मर्यादा कोणाच्या वेळी आठवते हे आपण चांगले जाणतो.

ठाणे महापालिकेची ‘जिद्द’ ही विशेष मुलांची शाळा आहे. डोंबिवलीजवळ खोणी येथे मतिमंद प्रौढांच्या पालकांनी एकत्र येऊन ‘घरकुल’ उभे केले. आपल्यामागे मुलाचे काय, या प्रश्नाला पालकांनी दिलेले ते उत्तर आहे आणि त्याचा आदर केला पाहिजे. पण रिक्षा चालवणाऱ्या बापाने आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या आईने हे उत्तर एकट्याने कुठून आणायचे? ते महापालिकेने, शाळेने, वस्तीने, मंडळाने मिळूनच दिले पाहिजे.

माझी मागणी मोठी नाही. शिक्षकांनी आपल्या वर्गातल्या अशा मुलाला बाहेर काढू नये. कार्यकर्त्यांनी दाखल्याच्या रांगेत त्याच्या आईसोबत एक दिवस उभे राहावे. आणि लिहिणाऱ्यांनी त्याला देव, बालक वा चमत्कार न करता लिहावे. माणूस म्हणून जगण्यासाठी कसलीही पात्रता सिद्ध करावी लागू नये, ही आपल्या चळवळीची मूळ प्रतिज्ञा आहे. ती फक्त बोलणाऱ्यांपुरती नव्हती.

हा लेख लिहीत असताना ताईचा फोन आला. मागून त्याचा आवाज येत होता: ‘पुढील स्टेशन ठाकुर्ली.’ रविवारी त्याला घेऊन ये, असे मी तिला सांगितले आहे.