मुसाफिर आणि मिसाफिर

मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही. दर दिवाळीला त्यांत भर पडतच असते. परंतु ही पुस्तके वाचताना एक साधा प्रश्न आपण क्वचितच विचारतो : लेखक कोणत्या वाहनात बसून हे सारे पाहत होता? आमच्या मते प्रवासवर्णनाची पारख करताना हा प्रश्न आधी विचारायला हवा. कुणी याला आमचा हेका म्हणेल. पण तुर्कस्तानच्या दोन सफरींनंतर आम्ही या मताला आलो आहोत.

पहिली सफर सहल कंपनीच्या वातानुकूलित गाडीतून झाली. इस्तंबूलच्या मशिदी, कोन्यातील मौलाना रूमींची मजार, पामुक्कलेचे पांढरेशुभ्र कडे, सारे पाहून झाले. परतल्यावर आम्ही एक लेख लिहिला. तो आज आम्हांलाच वाचवत नाही. त्यात घुमट आहेत, मिनार आहेत, 'वैभवशाली वारसा' हे शब्द चार वेळा आहेत. तोंड उघडून बोलणारा तुर्क माणूस मात्र एकही नाही. अपवाद फक्त वाटाड्याचा, आणि तो इंग्रजीत बोलत होता.

दुसऱ्या वेळी तिथल्या लोकांच्या बसने फिरलो. तुर्कस्तानात गावोगावी 'ओतोगार' म्हणजे बसस्थानक असते. लांब पल्ल्याच्या बसमध्ये चालकासोबत एक मदतनीस असतो. त्याला 'मुआविन' म्हणतात, उर्दूतलाच शब्द. तो प्रवाशांच्या तळहातांवर लिंबाच्या वासाचे कोलोन ओततो, चहा देतो. डेनिझलीहून कोन्याला जाताना या मुआविनाने आम्हांला जागेवरून उठवले आणि मागे नेऊन बसवले. तिकिटावरचा क्रमांक दाखवला तरी ऐकेना. परदेशी पाहून अपमान केला, असे वाटून आम्ही घुश्शात खिडकीबाहेर पाहत बसलो. पुढे शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी खुणांनी समजावले : आमच्या शेजारची जागा एका बाईंच्या नावे निघाली होती, आणि अनोळखी स्त्री-पुरुषांना शेजारी बसवू नये अशी तिथली रीत. अपमान कुणीच केला नव्हता. आम्हांला रीत ठाऊक नव्हती, एवढेच.

सहल कंपनीच्या गाडीत असा गैरसमज होऊच शकत नाही, कारण तिथे सारे आपल्याला समजावूनच दिले जाते. आणि इथेच आम्हांला इब्न बतूता आठवला.

टँजियरहून १३२५ मध्ये निघालेला हा मुसाफिर १३३० नंतरच्या काही वर्षांत अनातोलियात हिंडला. त्याला तुर्की येत नव्हती. लाधिकच्या, म्हणजे याच डेनिझलीच्या बाजारात शिरताच काही माणसांनी त्याच्या घोड्यांचे लगाम धरले. दुसऱ्या टोळीने त्यांना अडवले, सुरे निघाले. हे लुटारू आहेत असे समजून तो घाबरला. अखेर अरबी जाणणाऱ्या एका हाजीने उलगडा केला. हे 'अखी' होते, दिवसभर कमवून संध्याकाळी ती कमाई पाहुण्यांवर खर्च करणारे तरुण कारागिरांचे बंधुसंघ. पाहुणा आधी कुणाच्या घरी उतरणार, यावरून त्यांचे भांडण जुंपले होते. शेवटी चिठ्ठ्या टाकून निकाल लागला.

१३५५ मध्ये आपली सफर लिहवून घेताना इब्न बतूताला हा प्रसंग सहज गाळता आला असता. त्याने तो ठेवला, स्वतःच्या भीतीसकट. प्रवासवर्णनाचा कस आम्हांला इथे दिसतो. लेखकाने काय पाहिले यापेक्षा तो कुठे चुकला आणि कुणी त्याला सावरले, हे पानावर आले की समोरचा माणूस देखावा राहत नाही, तो बोलू लागतो.

मात्र इब्न बतूतालाही मोकळे सोडून चालणार नाही. याच प्रवासात त्याने अयासुलुकला एक रूमी गुलाम मुलगी ४० दीनारांना विकत घेतली. किंमत नोंदवली, पण तिचे दुःख नोंदवले नाही. यजमानांपुढे नम्र असणारा लेखक आपल्या ताब्यातल्या माणसापुढे बहिरा होतो. परावलंबी प्रवास माणसाला आपोआप उदार करतो, हा भाबडा समज इथे गळून पडतो.

ओरहान पामुक तर याही पुढे जातात. त्यांच्या 'येनी हयात' (१९९४) या कादंबरीचा नायक एक पुस्तक वाचून झपाटतो आणि रात्रीमागून रात्री बसने देशभर भटकतो. त्या बसगाड्यांना भीषण अपघात होतात. 'कार' (२००२) मधला कवी का बर्फवृष्टीत एरझुरूमहून कार्सला येतो तोही बसनेच. हे दोघे आपल्याच देशात प्रवास करीत आहेत, भाषा त्यांचीच आहे, तरी ते परकेच राहतात. बसचे तिकीट काढले की 'खरा देश' हाती लागतो, या आमच्यासारख्यांच्या भ्रमावर हा चांगला उतारा आहे.

मग लोकांच्या वाहनाचे मोल ते काय? डेनिझलीहून पामुक्कलेला आम्ही या वेळी 'दोल्मुश'ने गेलो. दोल्मुश म्हणजे 'भरलेली'. आपल्याकडचे वडाप किंवा काळी-पिवळी ती हीच : गाडी भरल्याशिवाय हलायची नाही. मागच्या बाकावरून दिलेले आमचे पैसे चार हातांतून चालकाकडे गेले आणि सुटे त्याच चार हातांतून परत आले. कुणी मोजले नाहीत. लेखकाला आपली जागा दाखवून देणारे हे वाहन आहे. तिथे तो साक्षीदार नसतो, पैसे पुढे सरकवणाऱ्या हातांपैकी एक असतो.

आमच्या वाचनात आलेली आपल्या मंडळींची हजची प्रवासवर्णने या दृष्टीने पाहावीत. मक्का ते मदिना सुमारे साडेचारशे किलोमीटरचा बसप्रवास त्यांत बहुधा एका वाक्यात आटोपतो : 'गाडीला उशीर झाला.' शेजारी कोण होते? नायजेरियाचे की इंडोनेशियाचे? गाडी कोण चालवत होता, त्याचे गाव कुठले? पवित्र स्थळांचे वर्णन वाचकाने शंभरदा वाचलेले असते. त्या शेजाऱ्याचे वर्णन मात्र लेखकाने केले नाही, तर दुसरे कुणी करणार नाही. उम्मतवर पानेच्या पाने लिहायची आणि बाजूच्या आसनावरच्या माणसाचे नावही विचारायचे नाही, याला काय म्हणावे?

'मुसाफिर' हा अरबी शब्द मराठीत प्रवासी या अर्थाने रुळला आहे. तोच तुर्कीत 'मिसाफिर' झाला आणि त्याचा अर्थ झाला पाहुणा. सहल कंपनीच्या गाडीतून उतरलेले आम्ही मुसाफिरच राहिलो होतो. कोन्याच्या बसमध्ये त्या वृद्धांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकर पुढे केली आणि म्हटले, 'मिसाफिर'. जुन्या लेखात या शब्दाला जागा नव्हती. तो लेख आम्ही आता नव्याने लिहायला घेतला आहे.