'दुखणार नाही' : सुईपुढील एका वाक्याची समीक्षा

'मुळीच दुखणार नाही हं' हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या कोणालाही अपरिचित नाही. लस टोचण्याच्या वेळी आई ते म्हणते, आजोबा म्हणतात, परिचारिकाही म्हणते. वाक्य इतके रुळलेले आहे की त्याचे परीक्षण करावे असे कोणाच्या मनात येत नाही. परंतु एखाद्या साहित्यकृतीला जे प्रश्न विचारावयाचे तेच या वाक्याला विचारून पाहावेत. हे विधान कोणाचे, ते कोणाला उद्देशून आहे, आणि त्याला जे साधावयाचे आहे ते साधते काय? असे प्रश्न विचारले म्हणजे त्याचा एक मूलगामी दोष नजरेस येतो. मुलाची भीती शमविण्याच्या हेतूने उच्चारलेले हे वाक्य, ती भीती बोलून दाखविण्याचे मुलाचे साधनच हिरावून घेते.

प्रथम बालपणीच्या आजारांची भाषा पाहणे उपयुक्त ठरेल. मराठीत देवी येतात, कांजिण्या येतात, गोवर निघतो, गालगुंड होते. ही सर्व क्रियापदे अकर्मक आहेत. आजार आपण होऊन येतो व आपण होऊन जातो, तो कोणी केलेला नसतो. सुईची भाषा याच्या नेमकी उलट आहे. 'डॉक्टरांनी लस टोचली' या वाक्यात कर्ता आहे, त्याच्या हातात साधन आहे, आणि ज्याला टोचले ते मूलही आहे. मुलाच्या दृष्टीने हा भेद लहानसहान नव्हे. ताप कोणी आणला असे ते विचारीत नाही. सुई कोणी टोचली हे मात्र त्याला ठाऊक असते, आणि त्या वेळी आपला हात कोणी धरून ठेवला होता हेही ठाऊक असते.

'देवी काढणे' हा जुना वाक्प्रयोग या संदर्भात लक्षणीय आहे. देवीची लस हिंदुस्थानात प्रथम दिली गेली ती मुंबईत, 14 जून 1802 रोजी, अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या दंडावरील फोडातून घेतलेली लस पुढे इतर मुलांना देण्यात आली. वस्तुतः लस देताना शरीरात काही घातले जाते. पण 'काढणे' हे क्रियापद शरीरातून काही बाहेर घेतल्याचा भास निर्माण करते. शिवाय त्या वाक्प्रयोगात रोगाचे नाव उच्चारलेले असे. ज्या घराने देवीचे व्रण पाहिले होते त्या घरातील मुलाला दंडावरील चार खुणांचे कारण वेगळे सांगावे लागत नसे. 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीच्या निर्मूलनाची घोषणा केली आणि तो वाक्प्रयोग हळूहळू वृद्धांच्या बोलण्यापुरता उरला. 1985 पासून भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला; त्यानंतर वाढलेल्या बहुसंख्य मुलांनी घटसर्प पाहिलेला नाही, डांग्या खोकल्याची ढास ऐकलेली नाही. त्यांच्यापुढे रोग नाही, केवळ सुई आहे. निरोगी, खेळत्या शरीराला ती टोचली जाते. म्हणून टोचण्याचे समर्थन पूर्वी रोगाच्या स्मृतीने होत असे, ते आता केवळ वडीलधाऱ्यांच्या शब्दाने करावे लागते. शब्दावरील हा भार वाढला असताना शब्द मात्र अधिक निष्काळजीपणे वापरला जातो, हीच येथील खरी अडचण आहे.

या निष्काळजीपणाची दोन रूपे आहेत. पहिले धमकीचे: 'जेवला नाहीस तर डॉक्टरांकडे नेऊन सुई टोचायला लावीन.' दुसरे नकाराचे: 'काही होत नाही, दुखणार नाही.' एकाच घरात, एकाच तोंडून, ही दोन्ही वाक्ये मुलाला ऐकावयास मिळतात. पहिल्यात सुई ही शिक्षा आहे आणि तिची सारी शक्ती दुखण्यावर अवलंबून आहे. दुसऱ्यात ते दुखणेच नाहीसे झालेले आहे. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, हे ओळखण्यास तर्कशास्त्राचा अभ्यास लागत नाही. चार वर्षांचे मूल ते ओळखते.

हा अंतर्विरोध मराठीच्या शब्दसंग्रहातही उमटलेला दिसतो. 'बाऊ' हा बालभाषेतील शब्द घ्यावा. बाळाला लागले म्हणजे 'बाऊ झाला' असे म्हणतात. येथे बाऊ ही खरी, दाखविता येणारी इजा आहे. मुलाला भेडसावण्यासाठी ज्याचे नाव घेतात तोही बाऊच. आणि मूल जरा मोठे झाले की त्यालाच 'उगीच बाऊ करू नकोस' असे बजावतात. तेथे बाऊ म्हणजे फुगवून सांगितलेली, जवळजवळ खोटी भीती. इजा, भयाचे सोंग आणि भीतीचा आरोप हे तिन्ही अर्थ एकाच ध्वनीत सामावलेले आहेत. जो शब्द मुलाला वेदना सांगण्यासाठी शिकविला, तोच पुढे त्या वेदनेवर अविश्वास दाखविण्यासाठी वापरला जातो. 'भित्रा', 'भागूबाई' ही विशेषणे याच मालिकेतील होत. सुईचे भय काही व्यक्तींत इतके तीव्र असते की रक्तदाब एकाएकी उतरून त्यांना मूर्च्छा येते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 1994 सालच्या वर्गीकरणात रक्त, इंजेक्शन व जखम यांच्या भयाचा स्वतंत्र प्रकार नोंदविलेला आहे. शरीराच्या अशा प्रतिक्रियेला स्वभावदोषाचे नाव देणे म्हणजे भाषेने रोगनिदान चुकविणे होय.

येथे एक आक्षेप संभवतो. 'दुखणार नाही' हे विधान नव्हेच, ते सांत्वन आहे; त्याला सत्यासत्याची कसोटी लावणे अरसिकपणाचे आहे. जे. एल. ऑस्टिन यांच्या 1962 साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनंतर, बोलणे ही एक कृती आहे हे भाषेच्या अभ्यासकांना नव्याने सांगावयास नको. आक्षेपात तथ्य आहे; पण तो अर्ध्यावर थांबतो. कृती म्हणून पाहिले तरी ती यशस्वी झाली काय, हा प्रश्न उरतोच. सांत्वनाची इतर वाक्ये, उदाहरणार्थ 'सगळे ठीक होईल', आपली परीक्षा दूरच्या काळावर ढकलतात. 'दुखणार नाही' या वाक्याची परीक्षा पुढच्या काही क्षणांत, ऐकणाऱ्याच्याच दंडावर होते, आणि ते त्या परीक्षेत नापास होते. त्यानंतर उरते ती दंडावरची ठसठस आणि वक्त्याविषयीची शंका. पुढच्या वेळी सुईच्या भीतीत ही शंकाही मिसळलेली असते.

अनुभवाधिष्ठित संशोधनही याच दिशेने निर्देश करते. रोनल्ड ब्लाउंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 साली कर्करोगाच्या उपचारांतील वेदनादायी तपासण्यांच्या वेळचे मुलांचे व प्रौढांचे बोलणे क्रमवार तपासले. प्रौढांची आश्वासने, क्षमायाचना व टीका यांच्यामागोमाग मुलांची व्याकुळता आढळली. विनोद व लक्ष दुसरीकडे वळविणाऱ्या सूचना यांच्यामागोमाग मुले सावरताना आढळली. अर्थात क्रम म्हणजे कारण नव्हे. मूल घाबरलेले दिसल्यामुळेच प्रौढ आश्वासन देत असेल, हीही शक्यता आहे. तथापि आश्वासनाने भीती निवळते हा समज गृहीत धरण्याजोगा उरला नाही, एवढे निश्चित. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 सालच्या मतपत्रात तर लसीकरणाच्या वेळी शांत वृत्ती व तटस्थ शब्द असावेत आणि खोटा दिलासा टाळावा, असे स्पष्ट म्हटले आहे. प्रश्न केवळ मुलाच्या रडण्याचा नाही. अ‍ॅना टॅडिओ व सहकाऱ्यांनी कॅनडात केलेल्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे एक चतुर्थांश पालकांनी स्वतःला सुईची भीती वाटत असल्याचे सांगितले. भीती वयाबरोबर आपोआप गळून पडत नाही, आणि तिच्यापायी काही जण लस टाळतात.

मग खरे तेच सांगावे, 'दुखेल' म्हणावे, असे कोणी सुचवील. तोही पर्याय पूर्ण समाधानकारक नाही. मराठीत 'दुखणे' हे नाम आजारपणाचाही वाचक आहे. आजारी माणसाला आपण 'दुखणाईत' म्हणतो. त्या शब्दाला लांबी आहे, दिवस व रात्री आहेत. सुईच्या क्षणाला तो फार मोठा पडतो. याउलट 'टोचणे' हे क्रियापद त्या मापाचे आहे. डॉक्टर टोचतात तसा काटाही टोचतो. म्हणजे तेच क्रियापद कृतीही सांगते व संवेदनाही सांगते. ती संवेदना टोकदार आहे पण थोडक्या वेळची आहे, हे काटा टोचलेल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. 'आता टोचेल, दहापर्यंत आकडे मोज, आणि कसे वाटले ते मग मला सांग' या बोलण्यात काहीही लपविलेले नाही. त्यात मुलाच्या मनाला काम दिलेले आहे, आणि शेवटी साक्ष देण्याचा हक्क ज्याचा हात त्याच्याकडेच ठेवलेला आहे.

'सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाहीत' ही म्हण या विवेचनाच्या विरुद्ध जाते असे वरवर वाटेल. अधिकारी माणसाने दिलेली समज मनाला लागत नाही, असा तिचा रूढ अर्थ आहे. परंतु म्हणीतील 'दुखत नाहीत' हे शब्द कान टोचून झाल्यानंतरचे आहेत. ते ज्याचे कान टोचले त्याच्या अनुभवातून निघालेले आहेत. सोनार आधी तसे सांगतो, असे म्हण म्हणत नाही. त्याचा विश्वास त्याच्या हाताने मिळविलेला असतो. सुईपुढे उभ्या असलेल्या मुलाला 'दुखणार नाही' असे सांगणारा प्रौढ, तो विश्वास मिळविण्यापूर्वीच खर्च करून टाकतो. 'फारसे दुखले नाही' हे वाक्य बोलले जावयाचेच असेल, तर ते सुई निघाल्यानंतर मुलाच्या तोंडून आले पाहिजे. आणि ते न आल्यास त्याचे 'दुखले' हे वाक्य ऐकून घेणारे कोणी तेथे असले पाहिजे.