राईची विद्यार्थिनी कोणत्या जिल्ह्याची?

उच्च शिक्षणावरील प्रबंधांत ‘स्थूल नोंदणी प्रमाण’ वरचेवर भेटते. उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या भागिले १८ ते २३ वयोगटाची लोकसंख्या, गुणिले १००, कृती एवढीच. अंश मिळतो अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणातून. २०१०-११ पासूनच्या या सर्वेक्षणात महाविद्यालये आपली माहिती स्वतः भरतात. काही अभ्यासक या नोंदी जिल्हावार मांडून कोणता जिल्हा मागास ते ठरवतात, तेथे माझी हरकत आहे.

भाईंदर पश्चिमेचे राई गाव घ्या. ते ठाणे जिल्ह्यात. येथील मुलगी बोरिवलीच्या महाविद्यालयात जात असेल, तर तिची गणना मुंबई उपनगर जिल्ह्यात होते. कारण महाविद्यालय कोठे आहे हे पाहिले जाते, घर कोठे हे नव्हे. छेदात मात्र ती ठाण्यातच राहते. ठाण्याचे प्रमाण घटते, उपनगराचे फुगते, आणि मुलगी तर रोज शिकतेच आहे! प्रवेश अर्जावर तिचा पत्ता असतो. सर्वेक्षणाच्या तक्त्यात एकत्रित संख्या जातात तेव्हा तो मागे राहतो. शिवाय १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधीचे व नंतरचे ‘ठाणे’ एकाच आलेखावर कसे जोडणार?

छेदाचे दुखणे देशपातळीवरही आहे. २०१९-२० चे भारताचे प्रमाण प्रथम २७.१ असे प्रसिद्ध झाले. पुढच्या अहवालात त्याच वर्षासाठी २५.६ आले. विद्यार्थी गळाले नव्हते. लोकसंख्येचे अंदाज २०११ च्या जनगणनेवरून नव्याने घेतले होते. २०२१-२२ चे २८.४ हे जुन्या २७.१ शेजारी ठेवले तर वाढ १.३ दिसते, सुधारित आकड्याशेजारी २.८. मीरा-भाईंदरची वस्ती २००१ ते २०११ या काळात सुमारे ५.२ लाखांवरून ८.१ लाखांवर गेली. अशा शहरात जुन्या जनगणनेवरचा अंदाज कितपत टिकेल, हे वाचकांनीच ठरवावे.

घरी जाऊन विचारणारी पाहणीही आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) १,१३,७५७ कुटुंबांकडून शिक्षणाची माहिती घेतली गेली. अशा पाहणीत राईची मुलगी राईचीच राहते. पण ही कुटुंबे साऱ्या देशातली. एका जिल्ह्याच्या वाट्याला त्यांतली थोडीच येतात, आणि त्यांतही महाविद्यालयात जाणारे मूल असलेली आणखी थोडी. एवढ्यावरून काढलेल्या जिल्ह्याच्या टक्केवारीत दशांश चिन्हापुढचा आकडा निव्वळ शोभेचा असतो. तरी तो छापला जातो, आणि त्याच्यासोबत त्रुटीची मर्यादा क्वचितच दिलेली असते.