खराटा आणि प्रश्न

श्रद्धेच्या दारात बुद्धीने जोडे काढून बाहेरच थांबावे, असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आमच्या दर्यापूरच्या परिसरातील एका कीर्तनकाराने मात्र तिला थेट कीर्तनात आणून उभे केले. ते म्हणजे शेंडगावी १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर, आपले गाडगेबाबा.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. तिथल्या स्नानाने ऋण फिटते, ही भाविकांची श्रद्धा. डेबूजींनी दापुऱ्यास मामांच्या घरी सावकाराचे ऋण डोळ्यांनी पाहिले होते. ते बुडी मारून फिटत नाही, हे त्यांना कोणा पंडिताने सांगावे लागले नाही. तरी त्यांनी यात्रेकडे पाठ फिरवली नाही. त्यांनी खराटा घेतला आणि काठ झाडला.

बाबांच्या कीर्तनाचे मर्म मला इथे दिसते. त्यात निरूपणापेक्षा प्रश्न अधिक. कर्ज काढून तीर्थ कशाला? देवाला बोकड कशाला? पोर शाळेत का नाही? श्रोते उत्तर देत, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. लोक हसत, हसता हसता आपण स्वतःलाच हसतो आहोत, हे त्यांच्या ध्यानी येई. मग नामघोष.

बुद्धिवाद्यांना यातले प्रश्न तेवढे हवे असतात, भाविकांना नामघोष. दोघेही अर्धेच कीर्तन ऐकतात. या पद्धतीला मर्यादा नाही असे नव्हे. उत्तर बहुधा ठरलेले असे. वाद घालू पाहणाऱ्याला तिथे फारशी जागा नव्हती. छापील पानावर तर ते प्रश्न कोरडेच वाटतात, कारण सकाळी झाडलेले गाव पानावर उतरत नाही. ज्याने आपली घाण उचलली, त्याने रात्री आपले अज्ञान दाखवले तर राग येत नाही. नुसती बुद्धी इथे टोचली असती आणि नुसत्या भावनेने डोळे पुसून सोडून दिले असते. कणवेने विचारलेला प्रश्न मात्र श्रद्धेला सोसतो. त्याने ती मोडत नाही, स्वच्छ होते.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. दिवाळीसाठी आपण घर झाडतोच. लक्ष्मीपूजनाला बसल्यावर एखाद्या पोराने ‘हे कशासाठी?’ असे विचारले, तर त्याला गप्प करू नये, इतके तरी या कीर्तनाकडून घेता येईल.